बाबांचा हात, मुंबईचं यंत्र आणि जूनची कलमं

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ठाण्यात नोकरी करतात, माहेर देवगड तालुक्यातलं. वडील एकसष्ट वर्षांचे. घरची हापूसची बाग, शिवाय कलमं बांधण्यात पंचक्रोशीत नाव. गेल्या नोव्हेंबरात पहाटे त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. पाच महिन्यांत ते काठी टेकत अंगणात चालू लागले, बोलणं अडखळत का होईना पण समजेल असं आलं. उजवा हात मात्र पोटाशी दुमडलेला, मूठ मिटलेली. कधीतरी अंगठा आणि पहिली दोन बोटं किंचित उघडतात. मुंबईतल्या एका केंद्रानं रोबोटच्या मदतीनं हाताचा व्यायाम सुचवला आहे: बारा आठवडे, छत्तीस सत्रं, खर्च लाखाच्या घरात. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा ऑनलाइन मिळणारा रोबोटिक हातमोजा घेऊ. आईचा भरवसा तेल लावून चोळून देणाऱ्या बुवांवर. बाबा काहीच मनावर घेत नाहीत. "सहा महिन्यांनंतर हातात सुधारणा होत नाही म्हणतात. म्हणजे माझ्याकडे एकच महिना उरला. कर्ज काढून बाबांना ठाण्याला आणू का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि बाबा स्वतः जिथे बोलतात त्या ओळी शोधल्या. एकच सापडली. तुम्ही व्हिडिओ कॉलवर केंद्राची सगळी माहिती सांगितलीत, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." केंद्राचं म्हणणं पत्रात आहे, भावाचं आहे, आईंचं आहे, चेंडू आणून देणाऱ्या शेजारच्या काकांचंसुद्धा आहे. ज्यांचा हात, त्यांच्या नावावर दोन शब्द. त्या दोन शब्दांकडे मी परत येणार आहे. पण तुमची झोप उडवली आहे ती त्या एका महिन्यानं, म्हणून आधी त्याचं बघू.

मी एकतीस वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यात. 'सहा महिने झाले, आता काय व्हायचंय' हे वाक्य मी इतक्या घरांच्या पडवीत ऐकलंय की कधीकधी वाटतं, रोगापेक्षा या वाक्यानं जास्त हात गमावले. त्यात खरं काय आहे ते सांगते. पक्षाघाताचा झटका आल्यावर मेंदू आपणहून जी डागडुजी करतो, तिचा जोर पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि तीनेक महिन्यांनंतर ओसरत जातो. ओसरतो, आटत नाही. त्यानंतर जे मिळतं ते सरावानं मिळतं, हळू मिळतं आणि मोजून मिळतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात हातासाठी तीन आठवड्यांचा, साधारण नव्वद तासांचा कसून सराव घेतात. त्यांनी २२४ रुग्णांचे निकाल २०१९ मध्ये मांडले. त्यांतल्या निम्म्या लोकांना झटका येऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता, तरी त्यांच्या हातात कामात दिसेल अशी सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ती टिकून होती. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता हे खरं. म्हणून मी त्याच्या जोरावर तुम्हाला कसलंही वचन देणार नाही. पण मे महिन्यात दार बंद होतं, ही भीती मनातून काढून टाकायला तेवढा पुरेसा आहे. दिरंगाई करा असं मी म्हणत नाहीये, आज संध्याकाळपासून सुरुवात करा असंच सांगणार आहे. फक्त घाबरून सही करू नका.

आता यंत्र. रोबोट म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीतरी भलतंच येतं. प्रत्यक्षात ती टेबलावर बसवलेली, मोटर लावलेली एक दांडी किंवा मूठ असते, नाहीतर बोटांवर चढवायचा सांगाडा. रुग्ण समोरच्या पडद्यावर काहीतरी पकडायचा, हलवायचा प्रयत्न करतो. यंत्र त्याचा जोर मोजतं आणि जिथे कमी पडेल तिथे ढकलून देतं. या कल्पनेवर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८९ च्या सुमारास काम सुरू झालं. म्हणजे ही काल आलेली जादू नाही, पस्तीस वर्षं घासून पाहिलेली गोष्ट आहे. तिच्याबद्दल बरंच काही ठाऊक झालेलं आहे, ते तुमच्या केंद्राच्या माहितीपत्रकात असेलच असं नाही.

यंत्राची खरी ताकद आहे संख्येत. माणसाच्या हाताखालच्या व्यायामात किती आवर्तनं होतात हे अमेरिकेत २००९ साली मोजलं गेलं. एका बैठकीत हातानं प्रत्यक्ष काही काम करण्याची आवर्तनं निघाली सरासरी बत्तीस. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला चारशे ते सहाशे लागत होती. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी माझ्या टेबलावर बसलेल्या रुग्णांच्या आठवणीनं ओशाळले होते. आम्ही वीस वेळा करून घ्यायचो, चार गोष्टी विचारायचो, 'छान' म्हणायचो आणि पुढचा रुग्ण आत बोलवायचो. यंत्र पाऊण तासात शेकड्यांनी करून घेतं. ते थकत नाही आणि त्याला पुढचा रुग्ण दिसत नाही.

मग उत्तर सोपं वाटतं, नाही का? पण पुढचं ऐका. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला रोबोट, दुसऱ्याला तितकाच वेळ थेरपिस्टकडून कामांचा सराव, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. आठवड्याला तीनदा, पाऊण तास, बारा आठवडे. म्हणजे हिशोब करा, तुमच्या केंद्रानं सांगितलेलीच छत्तीस सत्रं. रोबोटच्या गटातल्या ४४ टक्के लोकांचा हात ठरवलेल्या मापानं सुधारला, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४२ टक्के, थेरपिस्टकडे काम शिकणाऱ्यांत ५० टक्के. पहिल्या दोन आकड्यांत म्हणण्यासारखा फरक नाही. तिसऱ्या गटाचा आकडा थोडा वर दिसतो, पण तोही संशोधकांच्या कसोटीला उतरला नाही.

माझ्या मते खरी गंमत त्याच चाचणीतल्या एका बारक्या नोंदीत आहे. रोबोटवर बसलेल्यांच्या हाताची नुसती हालचाल नेहमीच्या उपचारांपेक्षा थोडी जास्त सुधारली होती. पण ती हालचाल कामात उतरली नाही. पडद्यावरचा मासा पकडता आला म्हणून ताटातल्या बांगड्याचा काटा काढता येत नाही. दुसऱ्या बाजूनेही सांगायला हवं. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ४५ चाचण्या आणि १६१९ रुग्ण एकत्र धरल्यावर यंत्रांमुळे हाताच्या कामात आणि ताकदीत सुधारणा दिसली होती. तेव्हा यंत्र कुचकामी आहे असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका. यंत्र आवर्तनं देतं. त्या आवर्तनांचं शर्टाच्या बटणात आणि भाताच्या घासात रूपांतर कुणीतरी माणसानं करून घ्यावं लागतं.

म्हणून केंद्राला विचारायचा पहिला प्रश्न खर्चाचा नाही. यंत्रावरून उठल्यावर त्याच दिवशी बाबा हातानं काय करणार आणि ते कोण करून घेणार, हे विचारा. 'यंत्र सगळं करतं' असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. दुसरं, यंत्र बाबांचा प्रयत्न ओळखून मदत करतं की ते बसून राहिले तरी हात फिरवत राहतं? प्रयत्न न करता फिरवलेल्या हातानं सांधे मोकळे राहतात, मेंदू काही शिकत नाही. तिसरं, सुरुवातीला आणि शेवटी कोणत्या मापानं हात मोजणार, आणि सहा सत्रांत काहीच हललं नाही तर उरलेले पैसे परत देणार का? हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. पेटीला पाच रुपये कमी पडले तर दलालाशी तासभर भांडणारी माणसं आपण, दवाखान्यात गेलो की मुकी होतो.

भावाच्या हातमोज्याबद्दल. बाजारात येणारे बरेचसे स्वस्त हातमोजे हवेच्या नळ्यांनी बोटं उघडतात आणि मिटतात, एवढंच करतात. बाबा तेव्हा टीव्हीवर मालिका बघत असले तरी मोज्याला फरक पडत नाही. आणि बाबांची मूठ ताठरपणानं मिटलेली आहे, ही गोष्ट महत्त्वाची. मनगट आत वाकलेलं असताना बोटं जबरदस्तीनं उघडली तर पेरांवर नको तो ताण येतो. हाताला स्पर्श कमी कळत असेल तर दुखतंय हेही कळत नाही. विकत घेण्याआधी एखाद्या फिजिओथेरपिस्टला हातमोजा आणि हात दोन्ही एकत्र दाखवा. त्यांनी होकार दिला, तर खऱ्या सरावाआधी दहा मिनिटं हात सैल करायला वापरा, आणि हातमोजा उघडत असताना 'बाबा, तुम्हीपण उघडा' असं प्रत्येक वेळी म्हणा. सगळी यंत्रं अशी असतात असं नाही. वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयानं आणि आयआयटी मद्रासनं मिळून 'प्लूटो' नावाचं, टेबलावर मावेल असं हाताचं यंत्र बनवलं आहे, ते रुग्णाचा प्रयत्न मोजतं. पण त्याचं नाव सांगितलं म्हणून ते उद्या मागवा असा अर्थ नको काढायला.

आईंच्या बुवांवर मी रागावणार नाही. हलक्या हातानं तेल लावणं सुखाचं असतं, आणि गेल्या पाच महिन्यांत बाबांच्या त्या हाताला प्रेमानं हात लावणारा कदाचित तो एकटाच माणूस असेल. दोन गोष्टी मात्र त्याला बजावून सांगा. खांदा ओढायचा नाही, 'कट' असा आवाज काढायचा नाही. लुळ्या हाताचा खांदा खोबणीतून किंचित उतरलेला असू शकतो, ओढला की महिनोन्महिने दुखतो, आणि खांदा दुखणारा माणूस बोटांचा व्यायाम करत नाही. कपडे घालताना, खुर्चीतून उठवताना तुम्हीही त्या हाताला धरून ओढू नका. दुसरं, गरम पोटळी त्या हाताला नको. चटका बसला तरी त्यांना कळणार नाही.

आढ्याला दोरी आणि कप्पी बांधून चांगल्या हातानं लुळा हात वर ओढण्याचा व्यायाम कुणी सुचवला असेल, तर दोरी आजच सोडा. त्यानंही खांदा बिघडतो. आणि काकांनी आणलेला तो पिवळा हसरा चेंडू. काकांचं मन मोडू नका, चेंडू नातवंडांना द्या. बाबांची अडचण मूठ मिटण्याची नाहीच, मूठ मिटलेलीच आहे. त्यांना हवंय ते उघडणं आणि सोडणं. दिवसभर चेंडू दाबून आपण नको त्याच स्नायूंचा रियाज करवतो.

आता त्या किंचित उघडणाऱ्या अंगठ्याकडे आणि दोन बोटांकडे. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलंत, मला ती पत्रातली सर्वांत मोठी बातमी वाटली. बोटं थोडीशी का होईना आपणहून उघडतात, याचा अर्थ मेंदूपासून हातापर्यंतची वाट पूर्ण तुटलेली नाही. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हा आहे. ज्या हातात काहीच हालचाल नसते, तिथे यंत्राशिवाय आवर्तनं होणं अवघड असतं आणि यंत्राचा विचार जास्त पटतो. ज्या हातात थोडी हालचाल आहे, त्याच्यासाठी घरातली पडवीसुद्धा व्यायामशाळा होऊ शकते.

तुमच्या घरी पडवीत सध्या काय चाललंय? एप्रिल आहे. आंबा उतरतोय, पेट्या भरल्या जातायत, सगळी माणसं कामात आणि बाबा खुर्चीत. आई त्यांना डाव्या हातानं चमचा धरायला देतात किंवा स्वतःच भरवतात, शर्ट घालून देतात, वाक्य अडलं की पुरं करतात. यात आईंचा दोष नाही, मी असते तरी तेच केलं असतं. पण एडवर्ड टाउब नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांच्या अभ्यासातून एक गोष्ट दाखवून दिली होती. निकामी झालेला हात वापरून चार वेळा फजिती झाली की प्राणी तो हात वापरायचंच सोडून देतो, आणि पुढे हातात जीव आला तरी वापरत नाही. न वापरणं शिकलं जातं. त्यावरूनच चांगला हात बांधून ठेवायचा आणि लुळ्या हाताकडून काम करवून घ्यायचं, ही उपचारपद्धत निघाली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, २००६ साली निकाल आले आणि तिचा फायदा पक्का दिसला. पण तिला मनगट आणि बोटं बरीच उघडावी लागतात. बाबांचा हात अजून तिथे नाही, तेव्हा चांगला हात बांधायचा उद्योग घरच्या घरी करू नका. तत्त्व मात्र आजपासून वापरता येईल: जे काम तो हात अर्धवट करू शकतो, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही.

मी एक काम सुचवते. आख्ख्या सुपाऱ्या घ्या, पन्नास. दोन सुपं. बाबांना टेबलाशी बसवा, कोपर टेबलावर टेकलेलं, मनगटाखाली दुमडलेला पंचा. डाव्या हातानं उजव्याची बोटं सावकाश, अंगठ्यापासून सुरुवात करून उघडायची, अर्धा मिनिट तशीच धरायची. मग उजव्या हातानं सुपारी उचलायची आणि दुसऱ्या सुपात सोडायची. उचलण्यापेक्षा सोडणं अवघड जाईल, ते अपेक्षितच आहे. नाही सुटली तर डाव्या हातानं मदत करायची, पण आधी स्वतः प्रयत्न. पन्नास झाल्या की विश्रांती, चहा, परत पन्नास. मोजदाद आपोआप होते, कारण सूप रिकामं होतं. कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी अकरा आला तरी अकरा लिहा. काजूच्या बिया मात्र वापरू नका. घरात पडलेल्या असतात म्हणून मोह होईल, पण एखादी फुटलेली असली आणि तेल लागलं तर बधिर हाताला भाजल्याचं कळायचं नाही. कच्च्या आंब्याच्या चिकाचंही तेच.

सुपाऱ्यांचा कंटाळा येईल तेव्हा पुसलेले आंबे पेटीत लावायला द्या. उजवा तळवा खाली, डावा हात वर, असा दोन्ही हातांत धरून. आंब्याचा आकार बोटांना जितका उघडवतो तितका व्यायामाचा कुठलाही रबरी तुकडा उघडवत नाही, आणि आंबा पाडायचा नाही ही जबाबदारी त्यांच्या रक्तात आहे. एखादा पडला तर पडू दे. उजवा हात कदाचित पुन्हा कधी कापणारा, लिहिणारा हात होणार नाही. तो धरणारा हात झाला, तरी नारळ धरून ठेवणं, पिशवी अडकवणं, टॉवेल पिळताना एक टोक पकडणं, शर्टाची कड धरणं इतकं सगळं परत येतं. हे मी कुणाचं समाधान करायला सांगत नाहीये. मालवणकडचे एक मासेमारी करणारे गृहस्थ माझ्याकडे यायचे. "हात माझोच हा, पण माझा आयकत नाय," असं म्हणून हसायचे. त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत सुई चालवू शकला नाही. पण जाळं ताणून धरायला लागला, सुई डाव्यात गेली, आणि ते पुन्हा किनाऱ्यावर चार माणसांत जाऊन बसायला लागले. मी त्यांच्या कागदावर 'मध्यम सुधारणा' लिहिलं होतं. त्यांच्या बायकोनं मला सुकट आणून दिलं होतं. कुणाचा हिशोब बरोबर ते तुम्ही ठरवा.

'बाबा मनावर घेत नाहीत' हे तुम्ही तीनदा लिहिलंय, आणि प्रत्येक वेळी मी अडले. झटक्यानंतर तीनांतल्या साधारण एका माणसाला नैराश्य येतं. ते आळसासारखं दिसतं, हट्टासारखं दिसतं. रडणं दिसेलच असं नाही. शिवाय मेंदूचा थकवा वेगळाच असतो, दहा मिनिटं बोलूनही माणूस गळून जातो. डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण यावर औषध आहे आणि त्याची लाज नाही. आणि तिसरी शक्यता मला जास्त खरी वाटते. आयुष्यभर कोवळ्या रोपात डोळकाडी, म्हणजे चांगल्या झाडाची कलमाची काडी, बसवणाऱ्या माणसाला तुम्ही सकाळ-संध्याकाळ वीस वेळा मूठ उघडायला सांगताय. कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही.

ठाण्याबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. बारा आठवड्यांसाठी कर्ज काढून आता आणू नका. तुम्हीच लिहिलंय, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दोघंही दिवसभर कामावर. आठवड्यातले सव्वादोन तास यंत्रावर आणि उरलेले एकशे पासष्ट तास खिडकीतून समोरच्या इमारतीचे नळ बघत. अंगणात चालायला लागलेला माणूस पुन्हा पलंगावर जाईल. त्याऐवजी एक आठवडा आणा, कणकवलीहून गाडीनं, खालच्या बर्थचं तिकीट काढून. त्या आठवड्यात हात नीट तपासून घ्या. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, ती अशाच कामासाठी १९५५ पासून आहे. तिथे किंवा एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पुनर्वसनाच्या डॉक्टरांना दाखवा. ताठरपणासाठी इंजेक्शनचा उपयोग होईल का, मनगटाला आधाराची पट्टी हवी का, आणि यंत्रानं फायदा होईल असा हा हात आहे का, हे तीन प्रश्न विचारा. खासगी केंद्रातही जा, दोन सत्रांचे पैसे देऊन बाबांना यंत्रावर बसवून बघा. त्यांना मजा आली, तर तीही माहितीच आहे. तिथल्या थेरपिस्टकडून घरचा सराव लिहून घ्या, तुमच्या फोनवर चित्रित करून घ्या, आणि परत गेल्यावर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दर पंधरा दिवसांनी दाखवत राहा. तीन महिन्यांनी कालनिर्णयचे आकडे वाढून थांबले, बाबांना आणखी पुढे जायचं असलं आणि तुम्हाला कर्जाशिवाय जमलं, तर यंत्राचा विचार तेव्हा करा. तोवर हातात जास्त हालचाल आलेली असेल आणि तीच छत्तीस सत्रं जास्त उपयोगी पडतील.

हे सगळं करताना रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एकही दिवस चुकता कामा नयेत. दुसरा झटका आला तर हाताची चर्चाच संपते. हात अचानक सुजला, लाल झाला, खांद्याचं दुखणं वाढलं तर सराव थांबवून डॉक्टरकडे. आणि तोंड वाकडं झालं, बोलणं एकदम अडलं, दुसऱ्या बाजूला बळ कमी वाटलं, तर घड्याळ बघून सरळ रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि देवगडहून मोठं रुग्णालय किती लांब आहे ते तुम्ही नोव्हेंबरात पाहिलंच आहे. कुठे ती सोय आहे हे भावानं आत्ताच विचारून ठेवावं.

तर आता ते दोन शब्द. जूनमध्ये पाऊस लागला की कोय कलमांचे, म्हणजे कोयीतून उगवलेल्या रोपावर बांधायच्या कलमांचे, दिवस येतील. पंधरा दिवसांचं कोवळं रोप, त्याचा शेंडा छाटायचा, मधे चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली डोळकाडी बसवायची, प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. चाकू या वर्षी भावाच्या हातात असू दे, बाबांच्या हातात अजिबात नको. पण डोळकाडी कोणत्या झाडावरून, कोणत्या फांदीची घ्यायची हे सांगायला हात लागत नाही. आणि भाऊ पट्टी गुंडाळत असताना पिशवीतलं रोप हलू न देता धरून ठेवायला एक हात लागतो, तो धरणारा असला तरी चालतो.

येत्या रविवारी त्यांना फोन करा. केंद्राचं नाव काढू नका. एवढंच विचारा, "बाबा, यंदा किती कलमं बांधायची?" ते "राहू दे" म्हणाले, तर लगेच दुसरा विषय काढू नका आणि आईंना फोन द्यायला सांगू नका. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागतो. त्यांचं पुढचं वाक्य येईपर्यंत थांबा.